सावलीचा पासंग

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

नांदेडहून येणारा रस्ता आमच्या वारंगा फाट्यावर दोन वाटा धरतो. एक कळमनुरी, हिंगोलीवरून अकोल्याकडे जाते, दुसरी हदगाव, उमरखेडवरून नागपूरकडे. मधे खिचडी खायला थांबलेल्या गाड्या आणि गप्पा मारायला थांबलेली माणसं. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो नावाची प्रयोगशाळा उभारायचं ठरलं, २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटींचा खर्च मंजूर केला. तेव्हापासून फाट्यावरच्या चहाच्या टेबलावर मोजमापाचा विषय निघतो. तिथं प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजणार म्हणतात. ऐकणारा आधी विचारतो, "इतकं बारीक मोजतात कसं?" आणि मग, जरा थांबून, "मोजलेलं खरं आहे हे कशावरून?"

मला हा दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर मी आज लायगोवरून देणार नाही. त्याहून सोपं, डोळ्यांपुढे आणता येईल असं उदाहरण आपल्याच राज्यात, मुंबईच्या ट्रॉम्बेला आहे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात न्यूट्रॉननं वस्तूंच्या आतलं चित्र काढतात. मी बी.ए. झालेला माणूस, धंदा कवितेचा. पण हे चित्र म्हणजे अखेर एक सावली असते, आणि सावली हा कवीच्या हद्दीतला विषय आहे, एवढ्या आधारावर मी हे धाडस करतो.

क्ष-किरणांचा फोटो आपल्या ओळखीचा आहे. हात मोडला की तालुक्याच्या दवाखान्यात काढतात. क्ष-किरण अणूतल्या इलेक्ट्रॉनना अडखळतात. जितका अणू जड, तितके त्याचे इलेक्ट्रॉन जास्त, तितकी सावली गडद. म्हणून हाड दिसतं, मांस फिकं दिसतं, आणि शिशापलीकडचं काहीच दिसत नाही. न्यूट्रॉनचं तसं नाही. १९३२ साली जेम्स चॅडविक यांनी शोधलेला हा कण विद्युतभार बाळगत नाही. इलेक्ट्रॉनच्या गर्दीतून तो कुणाला धक्का न लावता निघून जातो आणि थेट अणूच्या गाभ्याशी गाठ घालतो. गाभ्याचे स्वभाव वजनावर ठरत नाहीत. शिसं त्याला बऱ्यापैकी वाट देतं. हायड्रोजन, म्हणजे सगळ्यांत हलका अणू, त्याला सगळ्यांत जास्त भरकटवणाऱ्यांपैकी एक. ढोबळ हिशेब असा, की एक सेंटिमीटर जाडीचं शिसं जेवढे न्यूट्रॉन थोपवतं, साधारण तेवढेच एक मिलिमीटर पाणी थोपवतं. शिशाच्या डबीत गुलाबाची कळी ठेवली तर न्यूट्रॉनला डबी पुसट आणि कळी ठळक दिसेल.

आपल्याकडे याची सोय झाली ती 'अप्सरा' या अणुभट्टीमुळे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला ती सुरू झाली. आशियातली अशी ती पहिलीच मानतात. पुढे जुनी 'अप्सरा' थांबली, आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी 'अप्सरा-यू' ही तिची नवी आवृत्ती कार्यान्वित झाली. मधल्या काळात, १९८५ साली, १०० मेगावॉटची 'ध्रुव' आली. तिच्यातून बाहेर काढलेल्या न्यूट्रॉनच्या झोतांवरही असं चित्रण चालतं. तिकडे तमिळनाडूत कल्पाक्कमला १९९६ पासूनची 'कामिनी' नावाची अगदी लहान भट्टी आहे. ती वीज बनवत नाही, मुख्यतः न्यूट्रॉनच पुरवते. इस्रोच्या अग्निबाणात टप्पे वेगळे करणारी जी छोटी स्फोटक उपकरणं असतात, त्यांच्या धातूच्या कवचाआड दारू नीट भरली आहे की नाही, हे तिथं पाहिलं जातं. दारूत हायड्रोजन असतो, म्हणून ती कवचाआडूनही दिसते.

इथपर्यंत गोष्ट 'दिसतं की नाही' एवढीच आहे. दारू आहे किंवा नाही, भेग आहे किंवा नाही. खरी अडचण सुरू होते ती 'किती' हा प्रश्न विचारला की.

त्याचं उदाहरण आपल्या पालघर जिल्ह्यातलं घेऊ. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत प्रत्येकी ३९२ आडव्या नळ्या आहेत. झिर्कोनियम नावाच्या धातूत थोडं नायोबियम मिसळून त्या बनवतात. आत युरेनियमचं इंधन, त्याभोवतीनं वाहणारं जड पाणी, तापमान ३०० अंशांच्या आसपास आणि दाब शंभर वातावरणांच्या घरातला. हा धातू निवडला कारण तो न्यूट्रॉन खात नाही. पण त्याला एक खोड आहे. वर्षानुवर्षं पाण्याच्या संगतीत राहून तो थोडा थोडा हायड्रोजन पोटात घेतो. मर्यादेपलीकडे गेला की हा हायड्रोजन धातूशी संयोग पावून ठिसूळ पापुद्रे धरतो, आणि तो थंड जागेकडे सरकून तिथं साचतो.

याचा परिणाम काय होऊ शकतो हे १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातल्या पिकरिंग इथं दिसलं. तिथली एक नळी वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकली होती. टेकली त्या जागी हायड्रोजन साचून फोड आले आणि चालू भट्टीत त्या नळीला सुमारे दोन मीटर लांबीची चीर पडली. भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली, पण जगभरच्या अशा भट्ट्यांच्या नळ्यांची देखरेख त्यानंतर बदलली. आपल्याकडेही या नळ्यांची वेळोवेळी तपासणी होते, नमुने काढले जातात, आणि ट्रॉम्बेच्या संशोधकांनी झिर्कोनियममधला हायड्रोजन न्यूट्रॉनच्या चित्रात मोजण्यावर काम केलं आहे.

आता किती बारीक मोजायचं ते पाहा. समजा धातूच्या वजनाच्या दहा लाख भागांत हायड्रोजनचे १०० भाग आहेत. ऐकायला हे काहीच नाही. पण हायड्रोजन इतका हलका आहे की अणू मोजले तर शंभरात जवळपास एक अणू त्याचा निघतो. तरीही तीन-चार मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून पलीकडे पोचणाऱ्या न्यूट्रॉनच्या संख्येत त्यानं फरक पडतो तो अवघा एखाद्या टक्क्याचा. भट्टीत शिरतो तो तर बहुतेक जड हायड्रोजन, ड्यूटेरियम. तो न्यूट्रॉनला साध्या हायड्रोजनाइतका अडवत नाही, म्हणजे काम त्याहून नाजूक. तेव्हा जो काटा एका टक्क्यानंसुद्धा चुकतो, तो इथं उपयोगाचा नाही.

चुका होतात कुठं? पहिली चूक न्यूट्रॉनच्या स्वभावातच आहे. ते ओळीनं शिस्तीत येत नाहीत. मृगाचा पहिला पाऊस अंगणातल्या दोन सारख्या फरशांवर पडू लागला की एकीवर १०० थेंब दिसतील, दुसरीवर ९२, नाहीतर १०९. आभाळानं भेदभाव केलेला नसतो, तो योगायोग असतो. नियम असा की १०० मोजले तर दहाएकाची घटबढ धरायची, म्हणजे १० टक्के. १०,००० मोजले तर शंभराची, म्हणजे १ टक्का. दहा लाख मोजले तर हजाराची, टक्क्याचा दहावा हिस्सा. अचूकता दहापट हवी तर न्यूट्रॉन शंभरपट हवेत. एका मिनिटाचं चित्र मग पावणेदोन तासांचं होतं. तरी ही चूक प्रामाणिक आहे. कधी इकडे झुकते, कधी तिकडे. धीर धरला, पुन्हा पुन्हा मोजलं, की ती विरते.

दुसरी गोष्ट सावलीच्या धारेची. न्यूट्रॉनला भिंग लावून एका बिंदूवर आणणं फार अवघड आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी नुसती सरळ सावलीच पाडतात. भट्टीच्या भिंतीतलं एक छिद्र, तिथून काही मीटर लांब वस्तू, आणि वस्तूला खेटून पडदा. सावली किती धारदार पडणार हे छिद्राच्या व्यासाच्या तुलनेत अंतर किती पट आहे यावर ठरतं. निसर्गात याचा नमुना रोज आपल्या डोक्यावर असतो. सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०७ पट आहे. म्हणून भिंतीजवळ धरलेल्या बोटाची सावली रेखीव पडते, आणि भिंतीपासून मीटरभर दूर धरलं की तिच्या कडेला सुमारे नऊ मिलिमीटरची धूसर किनार येते. ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी हे प्रमाण शंभराच्या घरात, कुठं कुठं काही शेकड्यांत ठेवतात. म्हणजे ही सावली जवळपास उन्हाच्याच जातीची. प्रमाण १०० असेल आणि वस्तू पडद्यापासून एक सेंटिमीटर असेल, तर किनार टक्क्याच्या हिशेबानं मिलिमीटरचा दहावा भाग.

मग छिद्र लहान करा, वस्तू दूर न्या, असं कुणीही म्हणेल. पण अंतर दुप्पट केलं की न्यूट्रॉन चौथाईवर येतात, आणि पहिली चूक डोकं वर काढते. धार हवी तर मोजणी ढिली होते, मोजणी हवी तर धार जाते. प्रत्येक प्रयोगाला या दोहोंचा सौदा आपापल्या गरजेनुसार करावा लागतो.

तिसरी चूक मात्र अप्रामाणिक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथं आहे.

आमचे अब्बा मोंढ्यात मापाडी होते. काट्यावर माल चढण्याआधी ते रिकामी पारडी निरखून बघत. दोन पारड्यांत मुळातच जो फरक असतो त्याला पासंग म्हणतात. पासंग असलेल्या काट्यावर तुम्ही एक पोतं शंभर वेळा तोला, शंभरही वेळा तोच खोटा आकडा येईल, आणि शंभर वेळा आला म्हणून तो खरा वाटायला लागेल. शेतकरी वजन पुन्हा करा म्हणायचा, तेव्हा अब्बा म्हणत, पुन्हा तोलून काय होणार, आधी काटा बघा.

न्यूट्रॉनच्या चित्रातला पासंग असा तयार होतो. हायड्रोजन न्यूट्रॉनला गिळून टाकत नाही. तो त्याला ढकलतो, त्याची वाट बदलतो. असे भरकटलेले न्यूट्रॉन नाहीसे होत नाहीत, त्यातले काही तिरपे जाऊन पडद्यावर दुसरीकडे कुठं तरी पडतात. जिथं गडद सावली असायला हवी तिथं थोडा खोटा उजेड येतो. खोलीच्या भिंतींवरून, आजूबाजूच्या सामानावरून परतलेले न्यूट्रॉनही त्यात भर घालतात. शिवाय पडदा स्वतः चमकतो. न्यूट्रॉन आदळला की त्यातून प्रकाशाची ठिणगी निघते, समोरच्या तिरप्या आरशावरून ती बाजूच्या कॅमेऱ्यात जाते. कॅमेरा सरळ झोतात ठेवला तर तो खराब होईल, म्हणून हा आरसा. पण तोच प्रकाश पेटीच्या आत इकडे तिकडे परावर्तित होऊन पुन्हा चित्रावर सांडतो. हाही खोटा उजेड.

एक हिशेब करून पाहू. वस्तू नसताना पडद्यावर १०० न्यूट्रॉन येतात आणि दहा मिलिमीटर जाडीच्या वस्तूपलीकडे १० येतात, असं धरा. आता सगळीकडे ५ चा खोटा उजेड मिसळला. आकडे झाले १०५ आणि १५. खरं गुणोत्तर दहास एक होतं, ते सातास एक झालं. त्यावरून जाडी काढली तर ती दहाऐवजी साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास येते. पंधरा टक्के कमी! आणि वस्तू जितकी जास्त अडवणारी, तितका हा घाटा मोठा.

दिशा लक्षात घ्या. खोटा उजेड सावलीला नेहमी फिकीच करतो. पाणी असेल त्याहून कमी दिसतं, हायड्रोजन असेल त्याहून कमी दिसतो. जिथं एका टक्क्यासाठी जीव टांगलेला, तिथं काही टक्क्यांचा खोटा दिलासा. झोत वाढवा, वेळ वाढवा, हजार चित्रांची सरासरी काढा, हा आकडा जागचा हलत नाही. उलट आकडा इतका गुळगुळीत, इतका स्थिर येतो की त्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचतच नाही.

रिकामा काटा बघण्याची पद्धत इथंही जुनीच आहे. झोत बंद ठेवून एक काळं चित्र घेतात, वस्तू न ठेवता एक रिकामं चित्र घेतात. काळं चित्र दोन्हींतून वजा करायचं आणि मग वस्तूच्या चित्राला रिकाम्यानं भागायचं. तेल मोजताना आधी रिकाम्या डब्याचा धडा करतात, तसंच हे. कॅमेऱ्याच्या अंगचे दोष आणि झोताचा असमानपणा त्यानं जातो. पण भरकटलेला उजेड जात नाही, कारण तो वस्तू ठेवल्यावरच जन्माला येतो. रिकाम्या डब्यात तो नसतोच.

वस्तू पडद्यापासून दूर सरकवली तर भरकटलेले न्यूट्रॉन विखरून विरळ होतात. पण दूर सरकवलं की किनार धूसर होते, हे आपण पाहिलंच. संगणकावर न्यूट्रॉनच्या प्रवासाची नक्कल करून खोटा उजेड आकडेमोडीनं काढता येतो. मात्र त्यासाठी वस्तू कशाची आहे हे आधी ठाऊक हवं, आणि तेच तर शोधायचं असतं.

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जो उपाय तपशीलवार मांडला, तो मला मापाड्याच्या अकलेचा वाटतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत न्यूट्रॉन गिळून टाकणाऱ्या पदार्थाचे छोटे छोटे तुकडे ठरावीक अंतरानं बसवायचे आणि ती चौकट वस्तूच्या आधी झोतात धरायची. या तुकड्यांतून काहीच आरपार जात नाही. तेव्हा चित्रात त्यांच्या मागे पूर्ण काळोख हवा. तिथं जो काही उजेड दिसेल तो सगळा बाहेरून आलेला, खोटा. प्रत्येक काळ्या ठिपक्यापाशी खोट्या उजेडाचा आकडा हातात येतो, आणि ठिपक्यांच्या मधल्या जागेत तो किती असेल याचा अंदाज बांधता येतो, कारण असा उजेड एकदम चढत-उतरत नाही, हळूहळू बदलतो. मग चौकट काढायची, वस्तूचं पूर्ण चित्र घ्यायचं आणि तो अंदाज त्यातून वजा करायचा. वस्तू कशाची आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं. ठिपके फार मोठे केले तर ते झोतच बदलून टाकतात, फार लहान केले तर त्यांच्या मागचा आकडा नीट वाचता येत नाही. एवढं जपलं की झालं.

बाकीच्या दुरुस्त्या थोडक्यात सांगतो. भट्टीतून गॅमा किरणही येतात आणि कॅमेऱ्यात पांढरे ठिपके उमटवतात. म्हणून तेच चित्र तीन-चारदा घेऊन प्रत्येक जागी मधला आकडा निवडतात. झोतात मंद आणि वेगवान न्यूट्रॉन मिसळलेले असतात, मंद आधी अडवले जातात, त्यामुळे पाण्याचा पाचवा मिलिमीटर पहिल्याइतका अडवत नाही. त्यासाठी माहीत असलेल्या जाडीच्या पायऱ्यांचं चित्र आधी काढून ठेवतात. झिर्कोनियमच्या कामात तर ज्यातला हायड्रोजन दुसऱ्या रासायनिक पद्धतीनं पक्का मोजला आहे असा नमुना शेजारीच ठेवतात. प्रमाणित वजन दुसऱ्या पारड्यात टाकावं तसं.

एक जुनी युक्ती मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. भट्टीतून काढलेलं वापरलेलं इंधन स्वतःच इतकं किरणोत्सारी असतं की त्याच्याजवळ ठेवलेली फिल्म काळीठिक्कर पडते. मग झोतात फिल्म ठेवायचीच नाही. डिस्प्रोझियम धातूचा पातळ पत्रा ठेवायचा. न्यूट्रॉन जिथं जास्त पडतील तिथं तो स्वतः जास्त किरणोत्सारी होतो, गॅमा किरणांचं मात्र त्याला काही वाटत नाही. नंतर पत्रा काढून अंधाऱ्या खोलीत फिल्मवर दाबून ठेवायचा. काही तासांत पत्र्यावरची अदृश्य सावली फिल्मवर उतरते. सावली एका हातातून दुसऱ्या हातात सोपवता येते, ही कल्पना माझ्या डोक्यात कधी आली नसती.

आता आमच्या भागातले श्रोते विचारतील, आपल्या शेताला याचा काय उपयोग? युरोपात पातळ ॲल्युमिनियमच्या पेट्यांत वाळू भरून, त्यात रोपं वाढवून मुळांभोवतीचं पाणी न्यूट्रॉननं पाहिलं गेलं आहे. मूळ पाणी पितं म्हणजे त्याच्या लगतची माती कोरडी दिसावी, अशी आपली समजूत. चित्रांत मात्र मुळाला चिकटलेला पातळ थर काही वेळा भोवतालच्या मातीहून ओला दिसला. मूळ जो चिकट द्रव सोडतं, तो पाणी धरून ठेवतो. वसमतच्या हळदीच्या गड्ड्याभोवती काय चालतं, ते असं पाहायला मला आवडेल. पण आमची काळी चिकण माती वाळूसारखी सरळ नाही. तिच्या कणांतच बांधलेलं पाणी असतं, आणि न्यूट्रॉनला पिकाच्या कामाचं पाणी आणि मातीचं स्वतःचं पाणी यांत फरक कळत नाही.

अणुभट्टी काही बांधावर आणता येत नाही. तिचा एक धाकटा भाऊ मात्र कृषी संशोधनात फार दिवसांपासून आहे. जमिनीत उभी नळी रोवून तिच्यात न्यूट्रॉन सोडणारं छोटं उपकरण उतरवतात आणि मातीतल्या हायड्रोजननं मंद केलेले किती न्यूट्रॉन परत आले ते मोजतात. चित्र निघत नाही, एकच आकडा मिळतो, त्यावरून ओल कळते. तो आकडा वाचण्याआधी त्याच रानातली माती भट्टीत वाळवून, तोलून, किती ओलीला किती न्यूट्रॉन परततात याचा तक्ता बनवावा लागतो. नदीकाठच्या रेताड रानात बनवलेला तक्ता आमच्या काळ्या रानात चालत नाही.